स्कॅन नॉर्मल आहे, मग दुखतंय कुठं?

मलप्रभा_काठ (खानापूर)
नमस्कार मंडळी. मेंदूच्या तपासण्यांबद्दल कुणी नीट समजावून सांगेल का, म्हणून धागा काढतेय. सीटी, एमआरआय, ईईजी, पेट ही नावं सगळ्यांनी ऐकलेली असतात. रिपोर्टही हातात पडतो. पण त्या मशीननं नेमकं काय पाहिलं आणि काय पाहिलंच नाही, हे कुणी सांगत नाही.

विचारायचं कारण माझे मामा. शुगरमुळं पाय खराब होत गेला आणि शेवटी गुडघ्याखाली काढावा लागला. जखम छान भरली. पण नसलेल्या पायाचा अंगठा कुणीतरी पिळतंय असं दुखतं म्हणतात, रात्री जास्तच. तळव्याला खाज सुटते, खाजवायला हात खाली जातो आणि तिथं काहीच नसतं. मध्ये चक्कर येत होती म्हणून डोक्याचा एमआरआय केला, तो नॉर्मल आला. तेव्हापासून घरात, भावकीत एकच पालुपद: "मशीनीत काही आलं नाही, म्हणजे मनाचं आहे. देवाचं नाव घ्या." मामांनी आता त्याबद्दल बोलणंच सोडलंय.

माझं मत आधीच सांगते. माणूस दुखतंय म्हणतो तेव्हा त्याला दुखत असतं. फोटोत दिसलं नाही म्हणून ते खोटं ठरत नाही. पण हे मामींना आणि मोठ्या मामांना पटवायचं तर शास्त्र काय म्हणतं ते हवंय.

निपाणीची_नात
वाचतेय. चांगला विषय काढलात ताई.

चुंबकवाला (बेळगाव)
ताई, मी एमआरआय सेंटरवर टेक्निशियन आहे. रिपोर्ट लिहिणं माझं काम नाही, ते रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांचं. पण मशीन काय बघते ते सांगू शकतो.

सीटी म्हणजे एक्स-रेच. नळी डोक्याभोवती गोल फिरते, चारी बाजूंनी एक्स-रे घेते आणि कॉम्प्युटर त्यातून मेंदूचे काप जुळवून दाखवतो. गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड यांनी १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या पेशंटचा स्कॅन केला. १९७९ चं नोबेल त्यांना आणि ॲलन कॉरमॅक यांना मिळून मिळालं. आज डोक्याचा सीटी काही मिनिटांत उरकतो. हाड मोडलंय का, रक्तस्राव झालाय का, हे त्यात लगेच दिसतं. म्हणून तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळायला लागलं की आधी सीटी. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतू शकतं. त्यामुळं फोटो काढल्याशिवाय डॉक्टर ते देऊच शकत नाहीत. जांबोटी, कणकुंबीकडची माणसं आधी मालिश, मग उतारा, मग गावातला दवाखाना असं करत येतात, तोवर तो वेळ निघून गेलेला असतो. कळकळीनं सांगतो, अर्धांगाचा संशय आला तर थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

एमआरआयमध्ये एक्स-रे नसतो. चुंबक आणि रेडिओ लहरी. दीड टेस्लाचं चुंबक म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींच्या वर. आपल्या अंगात पाणी आहे, पाण्यात हायड्रोजन आहे. त्याची केंद्रकं या चुंबकात एका दिशेला कल घेतात. रेडिओ लहर सोडली की ती ढळतात, बंद केली की परत जागेवर येताना बारीक संकेत देतात. मेंदूचा पांढरा भाग, करडा भाग, सूज, गाठ यांची परतायची गती वेगवेगळी असते, त्यातून चित्र उमटतं. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये अशा चित्राची पद्धत मांडली, पीटर मॅन्सफिल्ड यांनी ती पुढं नेली, दोघांना २००३ चं नोबेल.

लोकांना त्या आवाजाची भीती वाटते. कॉइलमधला करंट झपाझप चालू-बंद होतो, कॉइल थरथरते, त्याची ती ठकठक. मशीन बिघडलेली नसते.

आणि धातू! बाहेरच्या बाकड्यावर आमचा निम्मा वेळ जोडव्यांत जातो. वीस-तीस वर्षं बोटात रुतलेली असतात. साबणाचं पाणी लावायचं, बोटाला दोरा घट्ट गुंडाळायचा आणि हळूहळू फिरवत काढायचं. मंगळसूत्र काढताना काही बायकांच्या डोळ्यांत पाणी येतं. त्यांच्यासाठी आम्ही हळदीचा दोरा ठेवलाय, तो गळ्यात बांधतो आणि मगच आत नेतो. पेसमेकर, डोक्यातली क्लिप, डोळ्यात उडालेला लोखंडाचा कण, हे मात्र न लपवता आधी सांगा.

आता तुमच्या प्रश्नावर. डोक्याचा एमआरआय नॉर्मल म्हणजे गाठ नाही, रक्तस्राव नाही, जुना झटका दिसत नाही, पोकळ्या ठीक आहेत. मेंदूची घडण ठीक आहे, एवढाच त्याचा अर्थ. दुखण्याचा फोटो आमची मशीन काढतच नाही.

कुंदाप्रेमी (टिळकवाडी)
सीटीच्या किरणांनी धोका किती? आमच्या धाकट्याचा पडल्यावर काढला होता, तेव्हापासून आईच्या जीवाला घोर आहे.

चुंबकवाला (बेळगाव)
डोक्याच्या एका सीटीला साधारण २ मिलिसिव्हर्ट (हे किरणांचं माप). जमीन, हवा, आकाश यांच्यातून आपल्याला वर्षभरात जवळपास तेवढंच मिळतं. उगाच परत परत काढू नये, लहान मुलांचा तर नाहीच. पण डोक्याला मार लागून मूल उलट्या करत असेल तर डॉक्टर सांगतील ते ऐकावं. आईंना सांगा, निवांत राहा.

येळ्ळूरगड
मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. मीही घरात दुखण्याचा बाऊ करणारी माणसं बघितली आहेत. लग्नकार्य आलं की दुखणं, मनासारखं झालं की बरं. एवढी कोट्यवधींची मशीन काही नाही म्हणते, तर घरच्यांनी विश्वास कशावर ठेवायचा? जो पायच नाही तो दुखतो, हे ऐकायलाही अवघड आहे की.

घटप्रभा (गोकाक)
येळ्ळूरगड, राग कसला, हाच प्रश्न माझी मुलं वर्गात विचारतात. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते.

सुरुवात इथून करू: नसेला जे मिळतं आणि आपल्याला जे कळतं, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोळ्यावर उजेड पडतो, कानाच्या पडद्यावर हवा आपटते, कातडी दाबली जाते. तिथल्या पेशी त्याचं विजेच्या संकेतात रूपांतर करतात. ही संवेदना. मेंदू ते संकेत जुन्या अनुभवाशी, आजूबाजूच्या परिस्थितीशी, अपेक्षेशी ताडून पाहतो आणि हे अमुक आहे असा निर्णय देतो. तो बोध. आपल्या वाट्याला कायम बोधच येतो. नुसती संवेदना कुणी अनुभवलेली नाही.

खात्री करायची तर आत्ता करा. कोऱ्या कागदावर डावीकडं फुली काढा, तिच्या उजवीकडं ८ सेंटिमीटरवर ठसठशीत ठिपका. डावा डोळा झाका, उजव्यानं फुलीकडंच बघत राहा आणि कागद हळूहळू मागेपुढे करा. साधारण एका फुटावर ठिपका नाहीसा होईल. डोळ्यातली नस जिथून बाहेर पडते तिथं उजेड टिपणाऱ्या पेशीच नसतात. मारिओट या फ्रेंच माणसानं सतराव्या शतकात हे दाखवलं. आता बघा, ठिपका गेला तिथं भोक दिसतं का? नाही, पांढरा कागद दिसतो. तो मेंदूनं भरलेला असतो. जन्मभर दोन्ही डोळ्यांत अशी एकेक जागा आहे आणि आपल्याला तिचा पत्ता नसतो.

दुसरी गोष्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञांची. आपल्याला वजन कळत नाही, वजनातला फरक कळतो, आणि तोही मूळ वजनाच्या प्रमाणात. हातात उचलून पाहिलेल्या वजनात साधारण पन्नासावा भाग बदलला तर तो जाणवतो. किलोभर गुळाच्या ढेपेत २० ग्रॅम जास्त आहेत हे हाताला उमगेल, दहा किलोच्या रव्यात तेच २० ग्रॅम कुणाला कळणार नाहीत. फेख्नर यांनी १८६० मध्ये यावर मोठा ग्रंथ लिहिला, मनाचं मोजमाप तिथून सुरू झालं.

कुंदाप्रेमी (टिळकवाडी)
घरातले सगळे एक डोळा झाकून बसलोय! ठिपका खरंच गेला. बाबा म्हणतात माझा जात नाही. ते फुली सोडून ठिपक्याकडंच बघालेत.

घटप्रभा (गोकाक)
बाबांना फुलीवर नजर रोवायला सांगा, जाईल. :)

संकेश्वरी_तडका
मॅडम, मिरचीचं सांगा की. आमच्याकडं मिरची निवडायला बसलं की हात रात्रभर जळतात. पाण्यात घातले तरी आग जात नाही. कातडी बघाल तर लालसुद्धा नसते.

घटप्रभा (गोकाक)
फार चांगलं उदाहरण दिलंत. कातडीतल्या नसांच्या टोकाला टीआरपीव्ही-१ नावाचा ग्राहक, म्हणजे खबर टिपणारं बारीक दार, असतं. साधारण ४३ अंशांच्या वर तापमान गेलं की तो उघडतो आणि भाजतंय ही खबर जाते. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमका तोच ग्राहक उघडतं. चटका नाही, जखम नाही, तरी मेंदूला खबर तीच पोचते. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये हा ग्राहक शोधला आणि २०२१ चं नोबेल आर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत मिळवलं. पुदिन्यातलं मेंथॉल थंडीचा ग्राहक उघडतं, म्हणून गार वाटतं.

ब्याडगीत रंग भरपूर आणि कॅप्सेसिन कमी, संकेश्वरीत जाळ जास्त. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलातुपात विरघळतं. हाताला आधी तेल चोळा, मग साबण लावा. तोंडाला दूध-दही बरं. आणि पोपट मिरच्या खुशाल खातो, कारण पक्ष्यांचा हा ग्राहक कॅप्सेसिनला दाद देत नाही.

येळ्ळूरगड
मॅडम, तोंड भाजत नसताना भाजल्यासारखं वाटतं, हे मान्य. पण तिथं मिरची तरी आहे. मामांच्या पायाजागी काय आहे?

घटप्रभा (गोकाक)
येतेच त्यावर. आधी नकाशाचं सांगावं लागेल.

निपाणीची_नात
मॅडम, नकाशा म्हणजे तो मोठ्या हातांचा, मोठ्या ओठांचा विचित्र माणूस का? बारावीच्या पुस्तकात होता.

माझी आजी आयुष्यभर बिड्या वळायची. शेवटी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचा माणूस ओळखू यायचा नाही. पण सुपात हात घातला की तेंदूचं पान कुठल्या बाजूनं फाटलंय ते बोटाला कळायचं. शिरेवर अंगठा फिरवायची, चिमटीनं जर्दा घालायची, पान वळून टोक दुमडायची, दोरा दोन फेरे. जर्दा जरा ओला असला तर "आज माल भिजलेला आलाय" म्हणायची, आणि तसाच असायचा. मी डोळे मिटून करून बघितलं, पान आणि कागद यातला फरक सोडला तर काही कळेना. तिच्या बोटांत जास्त नसा होत्या का?

घटप्रभा (गोकाक)
हो, तोच माणूस. माँट्रियलचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड मिरगीच्या पेशंटची शस्त्रक्रिया पेशंट जागा असताना करत. कवटीपुरती भूल दिली की पुरे, कारण मेंदूला स्वतःला दुखत नाही. मेंदूच्या वरच्या थरावर ते हलका विद्युतप्रवाह लावत आणि विचारत, काय वाटतंय? पेशंट सांगायचा: अंगठ्याला मुंग्या आल्या, ओठ बधिर झाला. त्यातून १९३७ मध्ये त्यांनी आणि बोल्ड्रे यांनी शरीराचा नकाशा मांडला. बोटं आणि ओठ यांना भरपूर जागा, पाठीला जेमतेम. बोटाच्या टोकावर दोन टोकं दोन-तीन मिलिमीटर अंतरावर असली तरी वेगळी कळतात, पाठीवर चार सेंटिमीटरवर असली तरी एकच वाटू शकतात.

तुमच्या आजींच्या नसा वाढल्या नव्हत्या. सरावानं मेंदूतला वाटा आणि वाचायची हातोटी बदलते. १९९६ मध्ये ब्रेल वाचणाऱ्या अंध लोकांचा पेट स्कॅन केला, तेव्हा बोटं ठिपक्यांवर फिरताना डोक्याच्या मागचा, एरवी डोळ्यांसाठी असणारा भाग कामाला लागलेला दिसला. आजींचा असा स्कॅन झाला असता तर मला बघायला फार आवडलं असतं.

अनगोळचा_बंड्या
म्हणजे कुठला भाग काम कराला ते दिसतं की. मग मनातलं पण वाचता येईल की हो! पोलीस ब्रेन मॅपिंग करतात म्हणे, ते हेच काय?

चिकोडी_कोर्ट
त्यावर कायद्याचं मी सांगतो. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य, सर्वोच्च न्यायालय, २०१०. नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या तिन्ही चाचण्या माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाहीत असा निकाल आहे. कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, या राज्यघटनेच्या कलम २० (३) वर तो उभा आहे. संमती दिली तरी चाचणीत निघालेलं उत्तर तसंच्या तसं पुरावा होत नाही. आमच्या भागात कुणी "डोक्याला वायरी लावून खरं काढतो" अशी धमकी दिली तर हा निकाल लक्षात ठेवावा. तिथल्या वायरी ईईजीच्या असतात, एमआरआयच्या नव्हे.

धारवाड_ते_बंगळूर
मी मेंदू-विज्ञानात पीएचडी करतोय, मूळ गाव कित्तूरजवळ. मनातलं वाचणं या शब्दावर आम्ही सगळे फार सावध असतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

रंगीत ठिपक्यांचं जे मेंदूचं चित्र पेपरात येतं ते बहुतेक वेळा फंक्शनल एमआरआयचं असतं. सेजी ओगावा यांनी १९९० च्या सुमारास त्याचा पाया घातला. ऑक्सिजन असलेलं आणि पेशींना ऑक्सिजन देऊन टाकलेलं रक्त चुंबकात वेगळं वागतं. पेशी कामाला लागल्या की त्या भागात ताजं रक्त गरजेपेक्षा जास्तच धावतं, आणि तो फरक मशीन टिपते. उसाच्या रानात पिकाची तहान डोळ्यांनी दिसत नाही, कुठल्या पाटाला पाणी जास्त वाहतंय ते बघून कुठला वाफा पितोय हे ताडावं लागतं. फंक्शनल एमआरआय तसंच ताडतो. पेशींचं काम तो थेट बघत नाही. रक्ताचा तो लोंढा पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोचतो. विचार तोवर कुठल्या कुठं गेलेला असतो.

ईईजीचं उलट. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा या लहरी टिपल्या आणि १९२९ मध्ये छापल्या. डोळे मिटून शांत बसलं की सेकंदाला ८ ते १३ वेळा येणारी अल्फा लहर त्यांचीच. सेकंदाच्या हजाराव्या भागाचा बदल ईईजीत कळतो, पण तो नेमका कुठून आला हे कवटीमुळं धूसर होतं. पेटमध्ये किरणोत्सारी साखर टोचतात. फ्लोरीन-१८ लावलेली ती साखर दर ११० मिनिटांनी निम्मी होत जाते. जिथं साखर जास्त खपते तिथून किरण जास्त येतात.

आणि रंगाचं लक्षात ठेवा. तो रंग मेंदूत नसतो, आम्ही आकडेमोड करून चढवतो. आकडेमोड ढिली ठेवली तर काय होतं हे क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं. मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले, आणि नेहमीच्या ढिल्या गणितानं मेलेल्या माशाच्या मेंदूतही "हालचाल" निघाली. कडक गणित लावल्यावर ती गेली. आमच्या क्षेत्राला त्या माशानं शिस्त लावली.

दोन_मुलांची_आई (चिकोडी)
बरं झालं रंगाचं सांगितलंत. मुलांच्या शाळेबाहेर एक पत्रक वाटलं, वर असाच लाल-पिवळा मेंदू. मिडब्रेन ॲक्टिव्हेशन म्हणे. डोळ्यांवर पट्टी बांधून मूल वाचतं, हजारो रुपये फी. सासूबाई भारावून गेल्यात. डेमोत एका मुलीनं पट्टी बांधून खरंच नोटेवरचा नंबर वाचला. मी बघितलं.

धारवाड_ते_बंगळूर
अक्का, पैसे देऊ नका, हात जोडून सांगतो. मध्यमेंदू जन्मापासून चालूच असतो. डोळ्यांची हालचाल, आवाजाकडं मान वळवणं यात त्याचा वाटा आहे. त्याला कुणी "चालू" करायची गरज नाही. पट्टी बांधली तरी नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते. मूल कागद छातीजवळ, खाली धरतं का ते बघा. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारे मंगळूरचे नरेंद्र नायक अशा लोकांना वर्षानुवर्षं हे सिद्ध करून दाखवायचं आव्हान देत आले आहेत.

दोन_मुलांची_आई (चिकोडी)
छातीजवळच धरला होता! आणि आधी हनुवटी वर केली होती. आज सासूबाईंना घरीच ओढणी बांधून दाखवते. त्यांचा विश्वास बसेल असंच दाखवायला हवं, भांडून उपयोग नाही.

मार्कंडेय
थोडं अवांतर. ऐकण्याबद्दल. आमची मुलं कन्नड शाळेत, घरी मराठी. मला कन्नडातला ऱ्हस्व ओ आणि दीर्घ ओ वेगळा ऐकूच येत नाही. कोडु म्हणजे दे आणि कोऽडु म्हणजे शिंग, धाकटी हसून हसून लोळते. कान तर चांगले आहेत. मग हे काय?

घटप्रभा (गोकाक)
अवांतर नाही, धाग्याच्या मधोमध आहे. कानात दोन्ही आवाज नीट पोचतात, पण मेंदूनं लहानपणीच कुठले फरक जपायचे ते ठरवलेलं असतं. वर्कर आणि टीज यांनी १९८४ मध्ये इंग्रजी घरातल्या बाळांना आपल्याकडचे त आणि ट ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता, वर्षाच्या आसपास तो हरवत गेला. तुमच्या धाकटीनं दोन्ही भाषांचे फरक जपलेत. सीमाभागातल्या मुलांचं हे मोठं भाग्य आहे. भाषेवरून मोठ्यांनी काय भांडायचं ते भांडोत, मुलांच्या कानाला दोन्ही मिळू द्यात.

मार्कंडेय
मॅडम, हे आमच्या आजोबांना वाचून दाखवणार.

सौंदत्तीची_सून
ईईजीबद्दल विचारायचं होतं. पुतण्याला आकडी आली. लोकांनी कांदा हुंगवला, चप्पल नाकाला लावली. नंतर ईईजी केला तो नॉर्मल, पण सीटीत छोटी गोल गाठ निघाली. सगळं घर हादरलं, कॅन्सर असेल म्हणून.

डॉ_मलेनाडू
मी मेंदूविकाराचा डॉक्टर आहे. तुमच्या पुतण्याचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय काही बोलणार नाही, पण आपल्या भागात अशी एकुलती लहान गाठ बऱ्याचदा पट्टकृमीच्या अंड्यातून झालेली असते. गोल कडा आणि आत ठिपका, तो ठिपका म्हणजे अळीचं डोकं. औषधांनी बहुतेक बऱ्या होतात. ही अंडी माणसाच्या विष्ठेतून कोबी, मुळा, कोथिंबीर यांवर येतात, त्यामुळं मांसाहार न करणाऱ्या घरातही हे दिसतं. भाजी वाहत्या पाण्यात चांगली धुवा, हात धुवा.

ईईजी वीस-तीस मिनिटांची नोंद असते. त्या वेळात मेंदू शांत असेल तर तो नॉर्मल येतो. आकडी आली नव्हती असा त्याचा अर्थ होत नाही. म्हणून आम्ही आदल्या रात्री झोप कमी घ्यायला सांगतो, जोरजोरानं श्वास घ्यायला लावतो, दिव्याची उघडझाप करतो. डोक्याला तेल लावून येऊ नका, तारा चिकटत नाहीत. आणि आकडीत कांदा-चप्पल काही नको. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, वेळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर हॉस्पिटल.

येळ्ळूरगड
डॉक्टर, तुमच्या बोलण्यातून मला एक धागा सापडला. मशीन नॉर्मल म्हणते तेव्हा ती फक्त स्वतः बघितलेल्या गोष्टीबद्दल बोलते. बरोबर ना? आता मॅडम, पायाचं सांगाच. पटायला लागलंय, पण पूर्ण ऐकायचंय.

घटप्रभा (गोकाक)
अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर वीअर मिचेल या डॉक्टरांनी हातपाय गमावलेल्या सैनिकांच्या या अनुभवाला 'फँटम लिंब', म्हणजे आभासी अवयव, असं नाव दिलं. म्हणजे दीडशे वर्षं डॉक्टरांना हे ठाऊक आहे. मामा एकटे नाहीत, अवयव गमावलेल्या बहुतेकांना तो अवयव अजून आहे असं जाणवतं आणि त्यातल्या पुष्कळांना दुखतंही.

पाय गेला तरी मेंदूतला पायाचा नकाशा जात नाही. तुटलेल्या नसांची टोकं वर संकेत पाठवत राहतात, पाठीच्या कण्यातल्या पेशी जास्त हळव्या होतात, आणि मेंदू त्या सगळ्याचा अर्थ लावतो: पाय, अंगठा, पिळवटणं. खबर कुठूनही येवो, पत्ता पायाचाच लिहिलेला असतो. येळ्ळूरगड, तुम्ही मिरचीबद्दल विचारलं होतं. इथं मिरची नाही, पण नस आहे आणि नकाशा आहे.

नकाशाचं नेमकं काय होतं यावर मतभेद आहेत. हेर्टा फ्लोर यांच्या गटानं १९९५ मध्ये दाखवलं की शेजारच्या भागांनी गेलेल्या हाताची जागा जितकी बळकावली तितकी वेदना जास्त. विलयनूर रामचंद्रन यांना असे पेशंट भेटले ज्यांच्या गालाला स्पर्श केला की गेलेल्या हाताला कळायचं, कारण नकाशात चेहरा हाताच्या शेजारी आहे. मग २०१३ मध्ये तमार मेकिन यांनी फंक्शनल एमआरआयमध्ये उलटं पाहिलं: ज्यांना जास्त दुखतं त्यांच्या मेंदूत गेलेल्या हाताची जागा चांगली शाबूत. वाद मिटलेला नाही. पण वेदना आहे की नाही यावर दोन्ही बाजूंत वाद नाही. ताई, घरच्यांना हेच सांगा.

येळ्ळूरगड
पटलं. मलप्रभाताई, मामांना माझा नमस्कार सांगा.

मलप्रभा_काठ (खानापूर)
सगळ्यांची मनापासून आभारी आहे. काल रात्री मामींना आणि मोठ्या मामांना हे सगळं वाचून दाखवलं. मामा पलीकडच्या खोलीत होते, उठून काठी टेकत आले आणि म्हणाले, गालाचं परत वाच. मग तासभर बोलले. खाज कधी सुटते, थंडीत कसं होतं, सगळं. रामचंद्रन यांचा आरशाचा उपाय कुठंतरी ऐकला होता, तो पायाला चालतो का?

फिजिओ_हिंडलगा
चालतो. २००७ मध्ये पाय गमावलेल्यांवर छोटी चाचणी झाली होती, रोज १५ मिनिटं, चार आठवडे. आरसा वापरणाऱ्यांचं दुखणं कमी झालं. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, आणि डॉक्टरांनी नसांसाठी दिलेल्या गोळ्या बंद करायच्या नाहीत.

उभा लांब आरसा आडवा करून दोन्ही पायांच्या मध्ये ठेवा, चकचकीत बाजू चांगल्या पायाकडं. काढलेला पाय आरशामागं. मामांनी आरशातच बघायचं, तिथं दोन पाय दिसतील. मग चांगला पाय सावकाश हलवायचा आणि नसलेलाही तसाच हलतोय असं मनात धरायचं. अंगठा पिळल्यासारखा वाटतो ना, मग बोटं हळूच उघडायची. पहिल्या दिवशी काहींना गरगरतं, रडू येतं. मामी शेजारी बसू देत. त्रास झाला तर थांबा. पहिल्यांदा फिजिओसमोर करणं उत्तम.

आणि एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मामांच्या राहिलेल्या पायाकडं बघा. शुगरमध्ये तिथं उलटं होतं, पाय आहे पण खबर जात नाही. १० ग्रॅमचा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून आम्ही तपासतो, कित्येकांना कळतच नाही. काच घुसली, चप्पल चावली, गरम पाण्यानं भाजलं, तरी दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून कुणी बघत नाही. हेही डोक्याच्या एमआरआयमध्ये येत नाही. रोज संध्याकाळी मामींनी तळवा आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघाव्यात. चप्पल घालण्याआधी हात घालून खडा तपासायचा, पाण्याची ऊब दुसऱ्यानं कोपरानं बघायची, आणि उसाच्या फडात अनवाणी जायचं नाही, तोडलेल्या खुंटांची टोकं फार धारदार असतात.

मलप्रभा_काठ (खानापूर)
दादा, परवाच मामांच्या तळव्याला फोड दिसला होता, ते म्हणाले दुखत नाही. उद्या सकाळीच त्यांना घेऊन येते.